आरूच्या ताटातली पोळी

मंगळवार, नेकनूर

बीडहून यायला दिवेलागण झाली. माझ्या आरूच्या रक्तात काहीच निघालं नाही, म्हणून मी खूश होते. पण डॉक्टरबाईंनी विचारलं, "ही गहू खाते ना?"

सासूबाईच बोलल्या, "न्हाई. पोळी खाल्ली की पोट फुगायचं. दिवाळीपासून मी नुसती ज्वारीची भाकरी देते. लई फरक पडला."

डॉक्टरबाई म्हणाल्या, गव्हाचा आजार रक्तात दिसायला आधी पोटात गहू हवा. आता काही आठवडे रोज पोळी द्या, मग पुन्हा तपासू.

येताना एसटीत सासूबाई एकच घोकत होत्या, "माझंच चुकलं." त्यांचं तरी काय चुकलं? पोरगी अंगानं भरली ती त्यांच्याच भाकरीनं.

घरी आल्यावर पोळी लाटली. लहानच लाटली. आरू म्हणाली, "आई, यानं पोट दुखतंय ना?"

"दुखंल थोडं," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

तिनं निमूट खाल्ली. सासूबाई उठून अंगणात गेल्या.

पण एवढ्याशा पोळीनं रक्तात पुन्हा काहीच दिसलं नाही तर? पोरीनं हे फुकटच सोसायचं?

मग दुसरी लाटली. ताटाएवढी.