अर्धं सहा तासांत

अमरावती रोड, अकोला
१५ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस, जुईलीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं म्हणता आणि शेजारी बसून आईही ऐकते, म्हणून लिहितेय. तिच्या छातीतली गाठ काढली, पण आता पाठ का दुखते, आजार हाडात तर उतरला नाही ना, हे गुरुवारच्या स्कॅनमध्ये कळेल. सुईतून टेक्नेशियम हे किरणोत्सारी औषध देतात. माणसानं घडवलेलं पहिलं मूलद्रव्य. जमिनीत जवळजवळ सापडतच नाही. मॉलिब्डेनमपासून ते होत राहतं आणि रोज सकाळी काढून घेतात. सहा तासांत अर्धं उरतं, पुढच्या सहात त्याचंही अर्धं. हाडं दाखवून निघून जातं, म्हणून आईला भिऊ नको म्हणावं. मला परीक्षेची ड्यूटी आहे. तुम्ही सकाळी वेळेत पोचा, आणि त्या दिवशी पंचांग मिटून ठेवा, गुरुजी.

आईला जपा, माझ्यावर माया असू द्या.
जुईली

अमरावती
२२ नोव्हेंबर

चि. जुईलीस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी दुपारपर्यंत अमावस्या होती. जन्मभर यजमानांना अमावस्येला निघू नका म्हणत आलो, तुझ्या आईला कसा घेऊन निघू? सुटल्यावरच रिक्षा बोलावली. स्कॅनच्या मशीनवरचा कुंदन म्हणाला, की गुरुजी, तुमी येईस्तोवर औषध अर्धं उडून गेलं. चित्र धुकट आलं, डॉक्टरांना मणक्याचं काही ठरवता येईना. पुन्हा करायचं तर आता वरूनच औषधाचा पुरवठा थांबलाय, कधी येईल कोणी सांगत नाही. ही कूस बदलतानाही कण्हते. रागाव, पण पत्र लिही.

कमलाकांत

अकोला
८ डिसेंबर

ती. बाबांस, सा. न.

औषध आलं, दुसरं स्कॅन झालं, हे बरं झालं. डॉक्टरांनी रिपोर्ट मला पाठवला. मणक्यात आणि बरगड्यांत पसरलंय. मी अमावस्येचं मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, की त्या उशिरानं काहीच बदललं नाही, हे आधीपासूनच असणार. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. येत्या सोमवारी परीक्षा संपतात, लगेच येते. आईला दोघं मिळून सांगू.

तुमची,
जुईली

अमरावती
११ डिसेंबर

चि. जुईलीस आशीर्वाद.

पत्र देवघरात बसून वाचलं. तू माझं ओझं उतरवायला लिहिलंस, कळलं. पण पोरी, चूक माझी आहे या भरवशावर मी इतके दिवस जप करत होतो, एकभुक्त राहत होतो. चुकीला प्रायश्चित्त असतं. आज सकाळी आसनावर बसलो आणि कशासाठी बसलो ते आठवेना.

लवकर ये. तुझी आई वाट पाहते, मीही पाहतो.
बाबा