मान मागे टाक

प्रिय सारोम,

पत्राची सुरुवात अशी करतात, म्हणून 'प्रिय' लिहिलंय. भलता अर्थ काढू नकोस.

मला पाण्यावर तरंगता येतं आता. हस, पोटभर हस. सरोवरावरच्या या गावात घरंसुद्धा तरंगतात. मी मात्र भातशेतीतून आलेली, गुडघाभर पाण्याला भिणारी. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ते तुझ्या ध्यानात आलं. माशात मीठ जास्त पडलं, मी माहेरी जायचं नाव काढलं, की तू मला होडीत घालून खोल पाण्यात न्यायचास, वल्हं आडवं ठेवायचास आणि होडी डोलवायचास. "माग माफी. मोठ्यानं, ऐकू येत नाहीये!" मी काठ धरून रडत माफी मागायचे. परतल्यावर शेजाऱ्यांना सांगायचास, "आमची बाई म्हणजे धोंडा. टाकली की थेट तळाला!" सगळे हसायचे. मीही हसायचे, त्याचीच आज जास्त लाज वाटते.

सहा वर्षं मी तुझ्या घरात होते. तू गावातला पट्टीचा पोहणारा. एकदाही म्हणाला नाहीस, ये, शिकवतो.

मूल होत नाही म्हणून तू मला बाहेर काढलंस, तेव्हा यान मावशीनं तिच्या मासळीच्या तराफ्यावर जागा दिली. तिनंच माझ्या कमरेला रिकामा डबा बांधून मला पाण्यात उतरवलं. मी तिच्या गळ्यालाच मिठी मारली. "अगं ए भवाने, मला मारतेस का? सोड! मान मागे टाक, उशीवर टाकतेस तशी. कान बुडू दे." पंधरा दिवस नाकातोंडात पाणी गेलं. मग एका सकाळी कान बुडाले, सगळे आवाज थांबले, श्वास भरला आणि पोट आपोआप वर आलं. पाठीखालचा मावशीचा हात कधी निघाला, कळलंच नाही.

सारोम, इतकं सोपं होतं ते! तुला चार शब्दांत सांगता आलं असतं. तू सांगितलं नाहीस, कारण मग मी तुला भ्यायले नसते. आभाळाकडे बघत मी तुला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या. कान पाण्यात होते, मला नीट ऐकूही आल्या नाहीत. मावशीला आल्या. म्हणाली, "घाल अजून. छाती हलकी होते."

आता पत्राचं कारण. तुझी दुसरी बायको, चांथू, डोंगराकडची एकोणीस वर्षांची पोर, दोन महिन्यांपूर्वी मासळी घ्यायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुम्हालाही खोल पाण्यात न्यायचे का हो?" तेव्हापासून तू जाळी घेऊन गेलास की ती रोज दुपारी माझ्याकडे येत होती. मंगळवारी तू होडी डोलवलीस, तरी तिनं माफी मागितली नाही. म्हणून तू तिला ढकललंस आणि वळूनही न बघता निघून गेलास. घरी येऊन छाती बडवलीस, "पाय घसरला हो तिचा!" ती मान मागे टाकून पाण्यावर पाठीवर पडून राहिली होती, सारोम. मासळी पोचवून परतताना मीच तिला होडीत ओढून घेतलं. आता इथे माझ्यासमोर बसून भात खातेय. गावप्रमुखांना आम्ही सगळं सांगितलंय, तेव्हा पळायचा विचार करू नकोस. उद्या तिच्या नावानं तू भिक्खूंना जेवू घालणार आहेस म्हणे. दोन ताटं जास्त मांड. आम्ही येतोय.

तुझी कुणीही नसलेली,
किमली