भीतीसुद्धा तमच

४ पौष
आज पाठात आमच्या आखाड्याच्या गुरूंनी, गोसाईंनी, पुन्हा तीन गुण घेतले. सत्त्व हलकं, रज धावतं, तम जड. कांदा, लसूण, मासे — तम. मसूरसुद्धा! मग म्हणाले, "भीतीसुद्धा तमच." माझ्याकडेच बघत होते!
रांधणाऱ्याच्या मनात असतं ते भोगात, म्हणजे नैवेद्यात, उतरतं आणि तसला भोग आमचे देव, ठाकूर, घेत नाहीत. आमचे म्हातारे आचारी नित्यदा अंथरुणाला खिळल्यापासून भोग मीच रांधतो. चव बघायची सोय नाही — ठाकुरांच्या आधी जीभ लावायची नसते. ते जेवले की नाही, कसं कळावं?

५ पौष
भोपळा बरा झाला. तरी भीती वाटली. आता भीती वाटते याचीच भीती.

७ पौष
पौर्णिमेला मला दीक्षा! मिळाली तर नवद्वीपच्या या वैष्णव आखाड्यात कायमचा. नाही तर — कुठे? घर गंगेनं गिळलं. दादा स्वतःच सासऱ्याच्या ओसरीवर राहतो.

९ पौष
नित्यदांच्या पोटात काही टिकत नाही. पेजही ओकली. दुपारी मला जवळ ओढलं. "बलाई, शिंगीचा रस्सा करशील?"
मासा! आखाड्यात! मी कानांवर हात ठेवले.
"अरे, चाळीस वर्षं ठाकुरांना भोपळा चारला. तेही कंटाळले असतील. मी तर माणूस."
"नित्यदा, मला हाकलतील हो."
"बरं. मग राहू दे." भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. खांदे किती बारीक झालेत.

१० पौष
केला. घाटापलीकडे, केळीच्या बागेत, विटा मांडून. जिरं, आलं, कच्चं केळं. पान हललं तरी दचकत होतो.
नित्यदा सगळा प्यायले. "मीठ कमी आहे, गाढवा!" म्हणाले आणि शांत झोपले. ओकले नाहीत.
मी हात मातीनं घासले, पुन्हा घासले, नदीत बुडी मारली. मग त्याच हातांनी ठाकुरांची खिचडी.

१२ पौष
नित्यदा गेले.
शेवटी गोसाईं तुळस आणि गंगाजल घेऊन आले. मी पायथ्याशी उभा. गोसाईंनी विचारलं, "नित्यगोपाल, या पोरानं तुला आखाड्यात न चालणारं काही खाऊ घातलं?"
मी हात पाठीमागे लपवले.
नित्यदा म्हणाले, "पेज. नुसती पेज."
मग गोसाईंनी तुळशीचं पान त्यांच्या जिभेवर ठेवलं. त्याच जिभेवर! तमात जो मरतो तो पशूच्या जन्माला जातो — गोसाईंनीच शिकवलंय. मासा मी शिजवला. खोटं ते बोलले. मी गप्प राहिलो! आता ते कुठे असतील?

१५ पौष, पौर्णिमा
राहवलं नाही. मंत्र घेण्याआधीच गोसाईंना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "त्या दिवशी खिचडीपाशीच मला तुझ्या हातांचा वास आला होता. तुला विचारलं असतं तर तू खरं बोलला असतास आणि मला तुला हाकलावं लागलं असतं. म्हणून त्याला विचारलं."