न वाचता दिलेलं ‘हो’

सोमवार
लागले बाई एकदाची कामाला! औषधांच्या गोदामातले सगळे कॉम्प्युटर आता माझ्या ताब्यात. दादा इथेच फोर्कलिफ्ट चालवतो. त्याला साहेबांनी आणलं, मला त्याने. खोली छान गार आहे, खिडकीतून दादाचं पिवळं धूड दिसतं. साहेबांना सगळे ‘तोफ’ म्हणतात. आल्या आल्या माझ्यावरच डागली: मशीनवरचं काहीही काढायचं नाही. का, ते सांगणार नाहीत. मोठे आले शहाणे!

मंगळवार
मुख्य मशीनवर नुसता पसारा. कमांड टाकून पाहिलं, तर त्यावर टाकलेल्या प्रोग्रॅमांची, म्हणजे पॅकेजांची, नावं तरी कसली! ‘खोकला’, ‘भोंगा’, ‘तोफ’. कोणाची चेष्टा देव जाणे. ‘खोकला’ काढून टाकलं. एक पॅकेज काढलं की केवळ त्याच्यामुळे आलेली इतरही बिनकामाची होतात. मशीन जुनं, म्हणून दुपारी चारला त्यातलं रोज एकच आपोआप निघेल असं लावलं. मशीन दर वेळी विचारतं, नक्की काढू का? मी आधीच ‘हो’ लिहून ठेवते. वाचत कोण बसणार?

बुधवार
शेजारच्या हिशेबनीस बाई सोमवारी खोकून खोकून बेजार होत्या. आज विचारलं, बरं वाटतंय का? म्हणाल्या, मला कुठे खोकला होता? मला वेड्यात काढतात! तिरीमिरीत ‘भोंगा’ही काढला. माल उतरवताना दोन दिवस वाजणारा भोंगा आज वाजलाच नाही. भिंतीवर त्याचे खिळेसुद्धा नाहीत. दादाला सांगितलं, तर म्हणाला, इथे भोंगा कधीच नव्हता. तुझ्या नाकावरचा राग आता डोक्यात गेलाय. हसत होता मेला.

गुरुवार
एक खोकं पडलं म्हणून तोफेने दादाला सगळ्यांसमोर झापलं. दादा मान खाली घालून उभा. माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी ‘तोफ’ काढून टाकलं. काय होईल ते कळत होतं मला. होऊ दे म्हटलं.

शुक्रवार, सकाळी
साहेबांच्या खोलीत झाडू आणि बादल्या. साहेब कोणालाच आठवत नाहीत. दादा खिडकीतून हात करून गेला. बरी जिरली तोफेची.

शुक्रवार, चारनंतर
फोर्कलिफ्टवर भलताच माणूस. दादा कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाला, कोणाचा दादा?
स्क्रीनवर एक ओळ आहे. ‘दादा’ तोफेमुळे आलं होतं, आता कोणाला लागत नाही, काढलं.
मला लागतो ना! मला विचारायचं तरी —
विचारलं होतं. मीच ‘हो’ लिहून ठेवलं होतं. आग लागो माझ्या हाताला.

शनिवार
आई म्हणते, पहिल्यापासून तू एकटीच. भांडले तिच्याशी. फोन आपटला.
दादाला परत टाकायला गेले, तर पासवर्ड चालत नाही. तो साहेबांनी दिलेला. साहेबच नाहीत, तर पासवर्ड कुठला?
आणि दादामुळे इथे आलेली — मी.
ती चारची साफसफाई थांबत नाही. वायर ओढली, हातात आहे माझ्या. मशीन चालूच.
हिशेबनीस बाई आत आल्या, माझ्या खुर्चीवर फायली ठेवल्या. मी बसलेय त्या खुर्चीवर!
आईला पुन्हा फोन लावला. म्हणाली, “कोण हवंय आपल्याला?”
आपल्याला. आई मला —
चार.
मशीन विचारतंय, नक्की काढू का? नाही, नाही, नाही लिहितेय, उमटतच नाही. तिथे आधीच माझं