पुंजाच्या दगडावरचा शब्द

२४ ऑगस्ट २०२५
सायखेड्याजवळून

चि. आशास,
अनेक आशीर्वाद. जावईबापूंचे डोळे कसे हायेत ते कळव. इकडं द्राक्षाची बाग बरी हाय, मी बरी हाय. फोन माझ्या रोहितच्या खिशात असतो आणि आपलं बोलणं तो कान देऊन ऐकतो, म्हणून पोस्टानं लिहिते.

परवा डोंगरातल्या पेठकडून चिमणाबाई आली होती, पुंजा भोयेची बायको. पुंजाला जाऊन यंदा बारा वर्षं होतील. तिला रस्त्याच्या कडेला त्याच्या नावाचा एक दगड उभा करायचाय. ग्रामपंचायतीनं तिला दारातूनच परत लावलं. मग मी माझ्या बांधाचा कोपरा दिला. मारलं तिथंच, समोर.

तू तेव्हा नाशिकरोडला होतीस, तुला सगळं ऐकून माहीत. मी पाहिलंय. तो छाटणीला आला होता. कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली आणि धोंडीराम म्हणाला, डोंगरातले सगळे चोरच असतात. बाभळीला बांधून मारलं. तो पाणी मागत होता आणि मारणारे त्याच्या भाषेची नक्कल करून हसत होते. ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि अन्न गोड लागत नाय. पुढं केबल आपल्याच गावातल्या पोरानं भंगारात विकलेली निघाली. कोर्टात मी पाहिलं ते सांगितलं. बाकी गावाला त्या दिवशी काही दिसलंच नव्हतं. सगळे सुटले. धोंडीराम आता सरपंच हाय, तुला माहीतच हाय.

तुमच्याकडं दगडावर अक्षरं कोरणारा कुणी चांगला असेल तर बघ. नाव, गाव, तारीख आणि खाली एवढंच : ‘याला येथे मारून टाकले.’ चिमणाबाईनं सांगितलं तसंच लिहिलंय, तू त्यात सुधारणा करू नकोस.

माया हायेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मालनअक्का

५ सप्टेंबर २०२५
नाशिक रोड

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार. ह्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे. तोवर पेपर मी वाचून दाखवते आणि ते माझे उच्चार सुधारतात. मास्तरकी काही डोळ्यांत नव्हती.

दगड सांगितला. कोरणारा माणूस भला आहे, पण मजकूर वाचून त्यानं हळूच विचारलं की हे असं चालतं का. मी म्हटलं, मारलेलं चालतं तर लिहिलेलं का चालू नये. मग त्यानं छिन्नी उचलली.

आता खरी गोष्ट. रविवारी तुझा रोहित आला होता. धोंडीरामच्या गाडीतून, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. म्हणाला, मावशी, आईला समजाव. दगड बसू दे, गावाची हरकत नाही, फक्त ‘दुःखद निधन’ लिहा. ‘मारून टाकले’ हे जरा खालच्या दर्जाचं वाटतं. येणारेजाणारे वाचतील, गावाचं नाव खराब होईल. अक्का, खालच्या दर्जाचं हा शब्द त्यानं वापरला. ज्या पोराला मी मांडीवर घेऊन मऊभात भरवला, तो माझ्या सोफ्यावर बसून एका खुनाचं व्याकरण दुरुस्त करत होता. मी चहा दिला, कारण हात सवयीनं चालतात. तो गेल्यावर कप दोनदा घासला. पेढे कचऱ्याच्या गाडीत टाकले.

तो पोटचा आहे, तुला लिहू की नको असं झालं होतं. पण तुझ्यापासून लपवून मी तुला काय तोंड दाखवणार?

मजकूर बदललेला नाही. धाकटीवर जीव असू दे.
तुझी आशा

२१ सप्टेंबर २०२५

चि. आशास,
आशीर्वाद. लिहिलंस ते बरं केलंस. मी त्याला विचारलं तर म्हणतो, तुला राजकारण कळत नाय. पंचायत समितीचं तिकीट धोंडीरामच्या हातात हाय, असं त्याला वाटतं.

पुढचं ऐक. दगड थांबत नाय म्हटल्यावर धोंडीरामनं डाव फिरवला. आता म्हणे श्रद्धांजलीचा कार्यक्रम ग्रामपंचायतच करणार. काल फाट्यावर बॅनर लागला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ मधोमध धोंडीराम, हात जोडून, गॉगल लावून. खाली टिकल्यांसारखे इतरांचे फोटो. त्यातले चार जण बाभळीपाशी होते, मी ओळखते. पुंजाचा फोटो कुणाकडं नव्हता, तर त्याच्या जागी वारली चित्रातली नाचणारी माणसं छापलीत. तो वारली नव्हता, कोकणा जमातीचा होता. एवढंही कुणी विचारलं नाय. ज्याला मारला त्याचं तोंडसुद्धा यांना नकोय.

आणि खालच्या ओळीत उजवीकडून तिसरा, हसरा, नवीन शर्टातला, रोहित. तेव्हा तो शाळेत होता, त्याचा हात त्यात नव्हता. आता आपल्या पायानं जाऊन त्यांच्या ओळीत उभा राहिला. मी बॅनरखाली उभी राहिले आणि मला ओकारी आली, खरंच आली, परत येताना बाभळीच्या मुळाशी ओकले. तेव्हापासून त्याचं ताट वाढून ठेवते आणि शेजारच्या खोलीत जाते. त्याला जेवताना बघवत नाय.

सामायिक पाईपलाईनचा वॉल्व्ह त्यांनी बंद केलाय. छाटणी तोंडावर हाय. टँकर घेईन, पण दगड पाच तारखेला बसेल. तू ये.

अक्का

१ ऑक्टोबर २०२५
नाशिक रोड

ती. अक्कास,
नमस्कार. मला येता येत नाही. ह्यांचा दुसरा डोळा नेमका तीन तारखेला आहे आणि घरात दुसरं कुणी नाही. दगड उद्या टेम्पोनं निघतोय, पोत्यात गुंडाळलाय. ते बॅनरचं ऐकून ह्यांनी पट्टी बांधायच्या आधीच डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, बघायचं काही राहिलं नाही.

काय झालं ते सगळं लिही, गाळू नकोस. जपून राहा.
आशा

१४ ऑक्टोबर २०२५

चि. आशास,
आशीर्वाद. सगळं लिहिते.

पाच तारखेला डोंगरातून दोन जीप भरून माणसं आली. धोंडीरामनं बॅनर माझ्या बांधासमोर आणून बांधला होता, माईक लावला होता. चिमणाबाई खाली उतरली, बॅनर बघितला, आणि मला विचारलं की यातला माझा माणूस कोणता. मी नाचणारी चित्रं दाखवली. ती म्हणाली, तो कधी नाचत नव्हता, त्याचा पाय अधू होता. मग ती रस्त्यावर बसली. ही तोंडं उतरेपर्यंत दगड उतरवायचा नाय, म्हणाली.

धोंडीराम माईकवरून म्हणाला, झालं गेलं विसरून आपण सगळे एक आहोत. कुणी हललं नाय. मी घरात गेले, छाटणीची कात्री आणली आणि बॅनरच्या दोऱ्या कापल्या. रोहित सावलीत उभा होता. त्यानं मला अडवलं नाय आणि मदतही केली नाय. बॅनर पडला, तो धोंडीरामच्या माणसांनी धूळ झटकून घडी घालून नेला. मग दगड बसला. चिमणाबाईनं त्याच्यावर पाणी ओतलं. गावातली एकही बाई आली नाय, खिडक्या मात्र उघड्या होत्या.

त्यानंतर पेठकडच्या लोकांनी ठरवलं, बॅनरवर ज्यांची तोंडं होती त्यांच्या बागेत छाटणीला जायचं नाय. माझ्याकडं आले, चिमणाबाईसकट, धोंडीरामकडं कुणी नाय. त्याची छाटणी आठवडाभर रखडली. काल तो रोहितला घेऊन गाडीतून बांधावर आला. आधी पाईपलाईन चालू केल्याचं सांगितलं, मग म्हणाला, मालनबाई, यांना जरा समजवा, तुमचं ऐकतात.

मी म्हटलं, समोर दगड हाय, तो या छाटणीच्या बायांदेखत मोठ्यानं वाच, मग बोलू. तो दगडापाशी गेला. नाव वाचलं. गाव वाचलं. तारीख वाचली. पुढं थांबला आणि म्हणाला, चष्मा घरी राहिला. चष्मा त्याच्या नाकावर होता, आशे. मला इतकी किळस आली की मी तोंड फिरवलं.

तेवढ्यात खालचं वाक्य कुणीतरी वाचलं. रोहित होता. आवाज बारीक होता, पण वाचलं. धोंडीराम गाडीकडं निघाला. चिमणाबाई वेलींमधून बाहेर आली आणि रोहितला म्हणाली, त्याला ऐकू गेलं नसेल, पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं, मोठ्यानं. गाडी त्याला न घेताच गेली.

म्हणून मी त्याला माफ केलं असं समजू नकोस. काल तो चालत घरी आला. मी ताट वाढलं आणि त्याच खोलीत बसले, एवढंच. त्याच्याकडं बघितलं नाय.

तुझी माया माझ्यापाशी राहू दे, इथं तिची गरज हाय.
तुझी मालनअक्का