दहा लाख नऊ

सोम. ७ जाने. १९५७, जुन्नर
हेडमास्तरांनी (हे.मा.) आज ऑफिसात बोलावले. सहामाहीच्या पेपरांत माझ्या दोन बेरजा चुकल्या. "बाई, डोळ्यांचं बघा. जूनपासून मॅट्रिकचं गणित नव्या मास्तरांना देऊ. खालचे वर्ग तुम्ही घ्या." आवाज मऊ. त्याचाच राग आला. पुढच्या मंगळवारपर्यंत सांगते म्हटले.

डोळे कितपत फसवतात ते स्वतःच पाहावे. १०००००९ घेतली. हजाराचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. मूळ संख्या की नाही, हे कॉलेजात असल्यापासून मनात आहे. हजाराच्या आतल्या एकेका मूळ संख्येने भागत जायचे. एकीनेही नि:शेष भाग गेला नाही तर मूळ. चूक न होता तडीस नेले तर मॅट्रिक सोडणार नाही. चूक झाली तर

बुध. ९
सत्त्याण्णवपर्यंत आले. कशानेच भाग जात नाही. मान दुखते. शेजारची राबिया कागद घेऊन आली. तिच्या सासरी कागद अजून हाताने करतात. आकडा पाहून म्हणाली, "एवढं मोजाया हाय तरी काय तुमच्याकडं?" काही नाही म्हटले. "मग लई बरं. चोराचं भ्या नाय." हसू आले. पुष्कळ दिवसांनी.

शुक्र. ११
नव्या कागदावर संख्या उतरवून घेतली. पहिलाच भाजक १०१. बाकी शून्य. भागाकार ९९०१. म्हणजे मूळ नाही. संपले.

दुपारी हे.मा.ना सांगून टाकले, मॅट्रिक मीच घेणार. म्हणाले, "बरं." नुसते बरं.

रवि. १३
आज ताळा केला. शुक्रवारीच करायचा. ताळ्यावाचून मुलींची वही हातात घेत नाही मी. ९९०१ गुणिले १०१. एकंस्थानी एक आला, नऊ नाही. पुन्हा केला. एकच.

कागद खिडकीशी नेला. वर १०००००१ असे लिहिलेले. माझेच अक्षर, ठसठशीत. जुन्या कागदावरचा नऊ मला एक दिसला.

राबियाला जुना कागद दाखवला. हा कोणता? "नऊ. दुसरं काय?" आणि या नव्यावरचा? "ह्यो एक." मग माझ्या तोंडाकडे बघून, "चहा टाकू का, बाई?"

सोम. १४. संक्रांत
सुटी. १०००००९ पुन्हा. नऊ एवढा मोठा काढला की बाकीची शून्ये त्याच्यापुढे तिळाएवढी. १०१ : बाकी आठ. ताळा जुळला. १०३ : बाकी पंच्याऐंशी. जुळला. वेळ फार लागतो.

हे.मा. दरवर्षी पाचला तिळगूळ घ्यायला येतात. आज सांगितलेच पाहिजे. चूक झाली, हे खरे. माझी मीच पकडली, हेही खरे. दोन्ही सांगावे, की पहिले सांगून गप्प बसावे? दुसरे सांगितले तर वर्ग मागितल्यासारखे होईल.

१०७ मांडला आहे. फाटक वाजले.