आईच्या पातेल्यातले आवळे

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या अंगणातला आवळा यंदा फळांनी वाकला आहे. शेजारचे पोस्टमास्तर त्याला इतके दिवस चिंच समजत होते. पानं पाहून फसले. त्यांना फांदी हातात देऊन दाखवलं की फळ डहाळीलाच चिकटलेलं असतं आणि त्यावर सहा पुसट रेघा असतात. संत्र्याच्या कैक पट क जीवनसत्त्व या गोटीएवढ्या फळात असतं, शिवाय तंतू, शिवाय तो तुरटपणा, ज्यावर पाणी प्यायलं की जीभ गोड होते. हे सगळं मी स्वतः वाचून मिळवलं आहे, कॉलेजच्या बाकावर बसून नाही.

सोबत पाकातल्या आवळ्यांची बरणी पाठवतो. पाक आईच्या तांब्याच्या पातेल्यात केला. आत एक राखाडी थर बसला होता, किती वर्षांचा कोण जाणे. वर्कशॉपमधल्या पॉलिशच्या चाकावर धरून तो पार काढला. आता पातेलं आतूनही लालभडक आहे, तोंड बघून घे. आईसारख्या टापटिपीच्या बाईने ते तसंच कसं ठेवलं, याचं नवल वाटतं. आवळे रात्रभर त्यातच मुरू दिले.

प्रामाणिक मत कळव. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला खोटं माप चालत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
भाऊ


९ डिसेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

बरणी पोचली. आवळे फार छान झालेत. यांनी तर बोटं चाटली. आमच्या घरात शास्त्रज्ञ निघेल असं आईला वाटलं नव्हतं, तिला तू शिंपी होशील असं वाटायचं.

आता पुन्हा पाठवायची खटपट करू नकोस. या वयात एवढं गोड बरं नाही. आणि ते पातेलं जड आहे, उचलून ठेव माळ्यावर.

एकट्याचं जेवण म्हणून चहा-पावावर भागवू नकोस. आठवण ठेव, तेवढं पुरे.

तुझी,
ताई


२० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

उरलेला सगळा पाक मी वर्कशॉपवर नेला होता. जेवणाच्या सुट्टीत आधी आवळ्याचे गुण सांगितले, मग तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, बोटं चाटल्याचं दोनदा. चौकीदाराची बायको नुकतीच तापातून उठली होती. तिच्यासाठी वेगळा डबा भरून दिला आणि चौकीदार नको नको म्हणत असताना त्याच्या पिशवीत कोंबला. अशक्तपणावर याहून चांगलं काही नाही, असं मीच त्याला बजावलं.

संध्याकाळपर्यंत पॉलिशवाला, टायपिस्ट, खुद्द मालक, सगळे ओकून बेजार. मी स्वतः एकही चाखला नव्हता, वाटण्यातच मिरवत होतो. चौकीदाराच्या बायकोला तर दवाखान्यात ठेवावं लागलं. आता ती घरी आली आहे. डॉक्टरांनी मला एकच विचारलं, भांडं कुठलं होतं. मी ताठ मानेने सांगितलं, तांब्याचं, स्वतः घासून लख्ख केलेलं. ते म्हणाले की तुम्ही आतली कथलाची कल्हई काढलीत, आंबट तांब्याला लागून कळकलं, त्याचं विष झालं.

ताई, आपण लहान असताना कल्हईवाला आला की मी भाता ओढायला धावायचो. तीच कल्हई मी मळ समजून घासून काढली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा तर गोठाच रिकामा झाला.

फिटर एरवी माझी टिंगल सोडत नाही. काल मात्र मी तपासून ठेवलेला काटा त्याने माझी पाठ वळल्यावर पुन्हा तपासला. मला खिडकीच्या काचेत दिसलं.

एक मात्र उमगत नाही. तुम्हा दोघांना काहीच कसं झालं नाही?

भाऊ


२६ डिसेंबर

चि. भाऊस,
आशीर्वाद. ते द्यायचा मला आज हक्क आहे का, माहीत नाही.

आम्हालाही झालं. मी एक आवळा खाल्ला आणि तासाभरात मोरीशी बसले. यांनी नुसता चाखून थुंकला. उरलेलं मी झाडाच्या बुंध्यापाशी ओतलं. तुझ्या पत्रात चाकावर धरल्याचं वाचलं तेव्हाच मला कळायला हवं होतं, ओकल्यावर तर कळलंच. पण तू किती हौसेने लिहिलं होतंस. तुला लहानपणापासून कुणी चूक दाखवली की तू दोन दिवस जेवत नाहीस. म्हटलं, पातेलं माळ्यावर गेलं की झालं. मला वाटलं, बरणी एकच आहे.

हे म्हणाले होते, लिही त्याला खरं. मी यांनाच गप्प केलं. चूक तुझी होती, पण त्या बाईच्या पोटात ती माझ्या पत्राने गेली. तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून लिहिते आहे.

रागाव, पण पत्र टाक.

ताई


१८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. राग होता, खोटं सांगत नाही. मग लक्षात आलं की कुणी खरं बोललं की मी उपाशी बसतो, हे घरादाराला पाठ आहे. तुला खोटं माप कुणी शिकवलं, तर मीच.

चौकीदाराच्या दारात जाऊन आलो. बाईंनी पाणी दिलं. बरोबर ताज्या आवळ्यांची पिशवी नेली होती, नुसती झाडावरची. चौकीदाराने ती परत माझ्या हातात दिली, हळूच. बरोबरच केलं. फाटकात तो नमस्कार करतो, पण माझी नजर वर होत नाही.

पातेल्याला कल्हई करून आणली. आतून पुन्हा आईच्या वेळेसारखं राखाडी दिसतं. त्यात फक्त पाणी तापवतो.

सोबत छोटी बरणी आहे, स्टीलमध्ये केलेली. आधी मी स्वतः खाल्ले आणि आठवडाभर वाट पाहिली. आणखी कुणाला दिलेले नाहीत, देणारही नाही. तू खाल्लेच पाहिजेस असं नाही. खाल्लेस तर जे असेल ते लिही. मी त्या दिवशी जेवीन.

तुझा,
भाऊ


२५ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

आवळे आतून कच्चे आहेत. पाक पातळ राहिला, वेलची जळकी लागते. खरं तर मला आवळा लहानपणापासून आवडत नाही, तुला कधी सांगितलं नव्हतं. यांना आवडला, पण बोटं चाटण्यासारखं काही नाही, असं हे म्हणतात.

बरणी संपत आली आहे. पुढची पाठवशील तेव्हा पाक आणखी आटव.

जेवलास का, ते कळव.

तुझी,
ताई